निरोपाच्या भाषणाची नोटीस

अब्रुनुकसानीची नोटीस मला भर ऑफिसात आली. मी केजच्या एका शाळेत क्लार्क. पाठवणारे आमचेच जुने क्लार्क, आता नेकनूरकडच्या शाळेत लागलेले. त्यांच्या नव्या मुख्याध्यापकांनी मला पत्र लिहून विचारलं होतं, माणूस कसा आहे? मी खरं ते कळवलं. सोमवारी यायचे, हजेरीपटावर शनिवारपर्यंतच्या सह्या ठोकायचे आणि गायब व्हायचे. सहा वर्षं त्यांचं काम मी ओढलं. मग काय आरती ओवाळू?

नोटीस घेऊन मी वकिलांकडे गेले. त्यांनी माझं पत्र वाचलं. "खरं हाय, विचारणाऱ्यालाच सांगितलंय, हेतू वाईट न्हाई. यात कसली अब्रुनुकसानी? हजेरीपट दाखवू." माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी नोटिशीसोबत आलेला व्हिडिओ लावला. "अन् हे काय हो, मॅडम?"

व्हिडिओत मीच! त्यांच्या निरोप समारंभात माईक धरून म्हणत होते, "असा वेळेचा पक्का माणूस मी पाहिला नाही." वर डोळेही पुसत होते. अगं बाई! आता निरोपाला सगळेच असं बोलतात. खरं बोलायला लागलो तर शाल-नारळ घ्यायला थांबेल कोण?

"दोन्हीतलं एक खोटं ठरणार," वकील म्हणाले. "भाषण रिवाजापुरतं होतं, खरं नव्हतं, असं शपथपत्र द्या. हेडमास्तरांचंही एक आणा."

आमचे हेडमास्तर ऐकताच खुर्चीतून उठलेच. "मी न्हाई बाई. पुढच्या महिन्यात माझा निरोप हाय!"

डोकं सणकलं. माझ्या शपथपत्राचा कागद पर्समध्ये घातला आणि थेट त्या जुन्या क्लार्कचं घर गाठलं. म्हटलं, नोटीस मागे घ्या, नाहीतर हे कोर्टात देते. त्यांनी कागद वाचला. चेहरा एवढासा झाला.

"तुमचं पत्र खरं हाय, मॅडम. नोटीस मागं घेतो. पण भाषण खोटं म्हणू नका. पोरीनं ते सासरी दाखवलंय. लई मान हाय तिला तिथं."

पोर माहेरी आलेली. मला ओळखून ती आतून धावत आली, आणि मी नको नको म्हणेपर्यंत सासूला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला.

"तुमीच का त्या मॅडम?" सासूबाई म्हणाल्या. "आमचे व्याही खरंच इतके चांगले हायत का हो?"

ते माझ्याकडे बघत होते. पोरही बघत होती. मी कागद पर्समध्ये कोंबला.

"चांगले?" मी म्हणाले. "अहो, भाषणात वेळ कमी होता म्हणून थोडंच बोलले!"