दुसऱ्या रिंगला जागा होणारा फोन

मुलांनो, तुम्ही मागच्या सुट्टीत कंटाळून इथेच टाकून गेलेला तो जाडजूड फोन आता मी वापरते आहे. नुसता खेळायला नाही. माझं सिमकार्डच त्यात घातलं आहे.

त्याचं मागचं झाकण नखाने निघतं आणि आत मेमरी कार्डाची जागा आहे, हे मला फार आवडलं. कार्डावर लिनक्स ही फोन चालवणारी प्रणाली भरायची, कार्ड आत सरकवायचं, की फोन त्याप्रमाणे सुरू होतो. कार्ड बदललं की जणू फोनच बदलला. सोयाबीनचे असतात तसे लिनक्सचेही वाण असतात, तुम्ही त्यांना डिस्ट्रो म्हणता. मी तीन कार्डांवर तीन वाण भरले आणि प्रत्येक कार्ड आपापल्या पाकिटात ठेवलं. पाकिटावर बारीक अक्षरात गुणदोष: ‘देखणं. कॅमेरा अंधारा.’ ‘मराठी अक्षरं नीट. बॅटरी संध्याकाळपर्यंत.’ सूचना सगळ्या इंग्रजीत. मी त्या पेन्सिल हातात धरून वाचते. तुमचे आजोबा शेजाऱ्यांना सांगतात की ही पुन्हा बी.एड. करून राह्यली.

सगळं छान चाललं होतं. घोळ झाला तो मोठ्या जाऊबाईंच्या मिस कॉलमुळे.

त्या दर गुरुवारी किन्हीराजाहून मंगरूळपीरला येतात. इथे गुडघ्याचे व्यायाम करून घेतात, आमच्याकडे जेवतात आणि चारच्या गाडीने परत जातात. गाडी शेलूबाजारला थांबली की त्या एक मिस कॉल देतात. एक रिंग, आणि कट. म्हणजे भाऊजींना, तुमच्या आजोबांना, स्कूटर घेऊन स्टँडवर पाठव. हा फोन उचलायचा नसतो. रिंग थांबलीच नाही तरच उचलायचा; उचललेला फोन म्हणजे काहीतरी बिघडलंय, आज येणं होत नाही. आता कितीही बोला, वेगळे पैसे पडत नाहीत, पण आमच्या घरातला हा कायदा बदललेला नाही.

आणि हा फोन, मुलांनो, झोपतो. पडदा विझला की थोड्या वेळाने गाढ झोपतो. कॉल आला की जागा होतो खरा, पण डोळे चोळत. तोवर जाऊबाईंची एक रिंग होऊन गेलेली असते.

पहिल्या गुरुवारी त्या स्टँडवर पाऊण तास बसल्या. दुसऱ्या गुरुवारीही तेच. ऑटोतून उतरल्या त्या बोलतच.

“तुया फोनले का झालं वं? मी देल्ला न मिस कॉल!”

“जाऊबाई, तो झोपला होता.”

“फोन झोपते? मंग मनुष्यानं का करावं?” पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, “आजून एक खेप पाह्यतो. तिसऱ्या खेपीले कोणी नाई दिसलं, त मी येनंच बंद करतो. गुडघा गेला खड्ड्यात.”

त्या बोलतात ते करतात. गुरुवार गेला असता तर त्यांचा व्यायाम सुटला असता आणि माझा आठवड्यातला सगळ्यात हसरा दिवसही. जुना फोन कपाटात होताच. सिम परत त्यात घातलं की प्रश्न मिटला, असं आजोबा म्हणाले. पण चाळीस मुलींच्या वर्गाला जिने व्याकरण शिकवलं, तिने एका झोपाळू फोनपुढे हात टेकायचे?

“फोन झोपू देऊच नको,” हा आजोबांचा दुसरा सल्ला. तो मी पहिल्या गुरुवारनंतरच करून पाहिला होता. दुपारी बाराला बॅटरी संपली होती.

मग त्याच दिवशी जेवण झाल्यावर मी जाऊबाईंनाच कामाला लावलं. त्या सोफ्यावर आपला बटणांचा फोन घेऊन, मी समोर तीन पाकिटं घेऊन.

“झोपला का?” त्या कुजबुजत विचारायच्या, जणू पाळण्यात बाळ आहे.

“झोपला. लावा.”

“एक... दोन... तीन... चार... हां, वाजला! हा त लईच आळशी हाय, थेट आपल्या भाऊजीवानी.”

“मले कायले मधात घेता?” आजोबा पेपरातून म्हणाले.

पहिलं वाण चौथ्या रिंगला जागं झालं, दुसरं तिसऱ्या. तिसरं अगदी साधं आहे. चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती यादी, आणि ती आवाजाच्या बटणांनी वरखाली करायची. ते दुसऱ्या रिंगला वाजलं. खात्री करायला आम्ही पाच वेळा झोपवून उठवलं.

“दोन रिंगा देईन,” जाऊबाईंनी निकाल दिला. “पन तिसरी मागू नको.”

पुढच्या गुरुवारी मी दहापासून फोन मांडीवर घेऊन बसले. आजोबा हेल्मेट घालून दारात उभे. पडदा काळा. आणि तो वाजला! झोपेतून उठून, स्पष्ट, खणखणीत वाजला. मला इतका आनंद झाला की मी तो उचलला.

“वाजला, जाऊबाई! वाजला!”

पलीकडून जाऊबाई कडाडल्या, “उचलला काहून वं?”

त्यानंतर त्यांनी मला जे सुनावलं ते शेलूबाजार सोडून बरंच पुढे येईपर्यंत पुरलं. मग रागाचा जोर ओसरला आणि तूर कशी आहे, पुतणीला पाहायला कोण येऊन गेलं, त्याने किती पोहे खाल्ले, असं एकेक निघत गेलं. फोनवर आवाज इतका स्वच्छ येत होता की मीही विचारत राहिले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “स्टँड आला. भाऊजी दिसून नाई राह्यले.”

मी मान वळवली. आजोबा हेल्मेट काढून कुंड्यांना पाणी घालत होते.

“तू उचलला न,” ते म्हणाले. “मले वाटलं, वहिनी येत नाई.”

जाऊबाई पुन्हा ऑटोने आल्या. मी सिम काढायची तयारी ठेवूनच दार उघडलं. त्या आत आल्या, बसल्या, टीपॉयवरचा फोन हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला.

“याचा काई गुन्हा नाई,” त्या म्हणाल्या. “राहू दे सिम याच्यात. पुढच्या गुरुवारी फोन भाऊजीपाशी देजो, आन् तू सैपाकघरात बसजो.”