तेराचा पाढा

साठ साल उजाडायच्या आधीचा तो हिवाळा. मॅट्रिकला मी दोनदा आपटलो होतो आणि जगाला दाखवण्यासारखं माझ्याजवळ पाय सोडून काही नव्हतं. फाल्गुनात अमरावती ते अकोला सायकल शर्यत होती. पहिल्या येणाऱ्याला विदर्भाच्या संघात घेणार होते. ती जागा मला हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यावाचून आपण मेलो असं वाटायचं.

मला शिकवायचे ते सायकल दुकानाचे मिस्त्री, तरुणपणी स्वतः शर्यती मारलेले. त्यांची रीतच निराळी. थंडीभर जोर लावायचा नाही. मूर्तिजापूरपर्यंत जायचं-यायचं ते मोठ्यानं पाढे म्हणत.

"पाढा तुटला का समज, जोर जास्त होऊन राहिला. कमी कर," ते म्हणत. "हिवायात दम भरून घ्याचा असते बापू, दाखवाचा नसते."

आणि दर तिसऱ्या दिवशी माझी सायकल ते दुकानाच्या आढ्याला टांगून ठेवत. त्या दिवशी खायचं, झोपायचं आणि मायकडून जवसाच्या तेलानं पाय चोळून घ्यायचे, एवढंच काम.

मला ती टांगलेली सायकल बघवत नसे. अकोल्याची पोरं रोज घाम गाळत असतील आणि मी गोधडीत! शेवटी दुसऱ्या गल्लीतून भाड्याची सायकल काढू लागलो. मायला सांगायचो वाचनालयात जातो, आणि भर दुपारी बडनेऱ्याच्या रस्त्यावर जीव तोडून हाणायचो. पाढा वगैरे काही नाही. काय शहाणा होतो मी!

संक्रांतीनंतर पाय शिशाचे झाले. जेवण जाईना, झोप येईना. एका रविवारी मिस्त्री सोबत आले, तेव्हा साध्या चालीतही माझा पाढा तुटला.

"काहून रे, आराम करून राहिला ना?"

"करून राहिलो," मी म्हणालो.

सांगितलं असतं तर अजून वेळ होता. त्यांनी पंधरा दिवस सायकल टांगली असती, तेवढंच. तेवढंच मला सोसणार नव्हतं. घाबरून त्या आठवड्यात मी रोज भाड्याची काढली.

शर्यतीत मूर्तिजापूरच्या अलीकडेच सगळे पुढे निघून गेले. शेवटचे दोघे तर आपसात गप्पा मारत गेले. त्यांचं बोलणं ऐकून मला रडू फुटलं.

गावाच्या तोंडाशी मिस्त्री पाण्याचा लोटा घेऊन उभे होते. ते माझ्या सायकलबरोबर चालू लागले, इतका मी हळू होतो.

"तेराचा म्हण."

"तेरा एके तेरा... तेरा दुणे सव्वीस..." पुढे श्वासच नव्हता. उरला होता तेवढ्यात म्हणालो, "मी भाड्याची काढत होतो."

त्यांनी हँडल धरलं. "उतर," म्हणाले. मी उतरलो. त्यांनी लोटा माझ्या हातात दिला आणि सायकल घेऊन पुढे चालू लागले.

पुढच्या थंडीत दुकानावरून गेलो, तेव्हा आढ्याला एक सायकल टांगलेली होती. माझी नव्हती.