हात वर केला म्हणून

दिग्रसच्या मैदानावर आज रेषा आखायला चुन्याची फक्की मारत होते. त्या वासाने चर्चच्या तरुण संघाचा कबड्डीचा अंतिम सामना आठवला. आमचा कर्णधार प्रकाश याने आधी प्रार्थना केली होती, "प्रभू, आम्हाला नम्र ठेव."

समोरच्या संघाच्या शेवटच्या चढाईत त्यांच्या गड्याचा हात आमच्या सुनीलला लागला. पंचांना दिसले नाही. सुनील स्वतःच हात वर करून बाहेर गेला. त्या एका गुणाने आम्ही हरलो.

"काहून हात वर केला बे? तुले कोनं इचारलं होतं?" प्रकाश सर्वांसमोर ओरडला.

"लागला होता न भाऊ."

सुनीलला तिथेच संघातून काढले.

रविवारी चर्चमध्ये प्रकाशने उभे राहून साक्ष दिली, "पराभवातून प्रभूने मला नम्रता शिकवली." मंडळी "आमेन" म्हणाली. मागच्या बाकावरून सुनीलही म्हणाला. तेव्हा मला ते सुंदर वाटले होते. आज संताप येतो. सुनीलला संघात परत कोणीच घेतले नाही.