साडूंचा उघडा फोन

अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये कुलपाशी उभा दावा मांडलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. चाकणच्या एका कंपनीत ते मेंटेनन्सला आहेत. जी वस्तू उघडून बघता येत नाही ती आपली नव्हेच, असं त्यांचं मत, आणि माझ्या घरचा मिक्सर त्या मताला बळी पडलेला आहे. नवा फोन आणला की पहिल्याच दिवशी ते त्याचं आतलं कुलूप काढतात, कंपनीनं भरलेलं सगळं पुसतात आणि जगभरच्या हौशी लोकांनी लिहून फुकट वाटलेली मोकळी सिस्टिम त्यात टाकतात. मग फोन दरवेळी चालू होताना बजावतो, की माझं कुलूप उघडं आहे, माझ्यावर विश्वास ठेवू नका. साडू म्हणतात, "बघा राव, किती प्रामाणिक आहे!" बँकेचं ॲप या प्रामाणिक फोनवर चालायला साफ नकार देतं. त्यांना ते ॲप लागलं की ते माझा फोन मागतात, आणि परत देताना माझी कीव आल्यासारखे बघतात.

कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाला प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतो. साडूंनी कॅमेऱ्याची तारच काढून टाकलेली आहे. हे ते त्याला रोज समजावून सांगतात आणि मागे रांग तुंबते. तो शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "असंल भाऊ, पण स्टिकर लावावं लागंल."

थेरगावात राहणाऱ्या आपल्या आईलाही त्यांनी असाच उघडा फोन करून दिला. त्यावर दोनच मोठी बटणं. एक दाबलं की साडूंना फोन लागायचा. दुसरं दाबलं की त्यांच्या गेलेल्या वडिलांचा आवाज यायचा, "सुटलो गं. चहा टाक." वडील पिंपरीत कामाला होते. साडेतीनला शिफ्ट सुटली की घरी एवढंच सांगायला फोन करायचे, त्यातला एक चुकून रेकॉर्ड झाला होता. आई रोज साडेतीनला ते बटण दाबायची आणि चहा टाकायची. "माझं हाय ते, दुसऱ्या कुनाला ऐकू जायला नगं," असं ती एकदा लाजत म्हणाली, तेव्हा कुलपाच्या या वैऱ्यानं आयुष्यातलं पहिलं कुलूप बसवलं. आईचं बोट लागल्याशिवाय तो आवाज उघडणार नाही आणि त्याची किल्ली त्या फोनबाहेर कधी जाणार नाही, अशी पक्की व्यवस्था केली.

मग कुणा गोडबोल्यानं फोनवरून आईला बोलण्यात गुंगवून कसलंसं ॲप टाकायला लावलं. उघड्या फोननं त्यालाही बिनतक्रार आत घेतलं. साडूंच्या वेळेत लक्षात आलं, काही गेलं नाही, पण ते पार हादरले. मी म्हणालो, "लावा की आता कुलूप. किती दिवस तत्त्व कवटाळून बसणार?"

गुरुवारी त्यांना सुट्टी होती. आईच्या फोनचं मूळ कुलूप परत लावताना आतलं सगळं पुसलं जातं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आधी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, वडिलांचा आवाजसुद्धा. फक्त त्याची किल्ली फोनमध्येच होती हे त्यांच्या ध्यानातून गेलं, आणि ती पुसली गेली. उघडा ठेवलेला एकूण एक फोटो परत आला. कुलपातला आवाज तेवढा आला नाही.

साडेतीनला आईनं बटण दाबलं. "बिघडलं व्हय रं?" तिनं विचारलं. मीही तिथंच होतो, आणि मला माझ्या जिभेचा फार राग आला.

साडूंचा स्वतःचा फोन अजून उघडाच आहे. कंपनीत मात्र त्यांनी कायमची पहिली शिफ्ट मागून घेतली आहे. साडेतीनला गेटबाहेर आले की ते स्टिकर सोलतात आणि थेरगावला फोन लावतात, "सुटलो गं. चहा टाक." आवाज कुणाचा ते आईला कळतं, तरी ती लगेच चहा टाकते. वडील वीस मिनिटांत घरी पोचायचे. चाकणच्या ट्रॅफिकमधून यायला साडूंना दोन तास लागतात. तोवर चहा गार होऊन त्यावर साय आलेली असते. ते तोच पितात, आईला दुसरा करू देत नाहीत.