पाचवी लेन

लिहायला बसले की मी आधी चष्मा पुसते, मग टेबल. इतकी वर्षं असंच काहीतरी पुसत आले, आणि एक वाक्य मात्र कुणापुढेही काढलं नाही. नवऱ्यापुढे नाही, अप्पांपुढे नाही. सुमापुढे तर नाहीच. आता सुमा नाही. दीड महिना झाला.

सुमा माझी धाकटी बहीण. मल्लेश्वरमच्या आमच्या घरात पुस्तकं माझी आणि पाणी तिचं, अशी वाटणी होती. ती ब्रेस्टस्ट्रोक पोहायची. अप्पा तिला 'आमची बेडकी' म्हणत, आणि ती ओले केस त्यांच्यावर झटकायची. "बेडकी नॅशनलला गेली की कळेल, अप्पा!"

ती जाणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मला त्याचीच भीती होती — का, ते सांगते. त्या वर्षी अप्पांना अर्धांगवायू झाला. आई आधीच गेलेली. दोघींपैकी एकीने घरी राहायला हवं होतं. सुमाची निवड झाली असती तर ती सरावशिबिरासाठी कित्येक महिने बाहेर राहिली असती. आणि माझ्या खणात, पुस्तकांखाली, पुण्याला एम.ए.ला प्रवेश मिळाल्याचं पत्र होतं. ते मी कुणाला दाखवलंही नव्हतं.

निवडस्पर्धेला पंच कमी पडायचे. मग पोहणाऱ्यांच्या घरचीच माणसं तलावाच्या कडेला उभी करत. आपल्या माणसाच्या लेनवर उभं राहायचं नाही, एवढंच पथ्य. त्या सकाळी पाचव्या, म्हणजे सुमाच्याच लेनच्या बाई आल्याच नाहीत, म्हणून प्रशिक्षकांनी मला तिकडे सरकवलं. "स्वल्प, जरा सांभाळून घ्या, अक्का," ते हसत म्हणाले, "पण बहीण म्हणून सूट नको हं!"

माझं काम साधं होतं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी लागावे लागतात. एक आधी लागला, की बाद.

सुमा सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या वळणाला ती माझ्या पायांशी आली. मी वाकले होते. तिचे तळवे भिंतीला टेकले — कसे, ते मी पाहिलं. स्वच्छ पाहिलं. दोन्ही एकदम.

मी हात वर केला. चिठ्ठीवर लिहिलं : डावा हात आधी. अक्षर कापलंसुद्धा नाही.

ती पहिली आली, आणि बाद झाली. टॉवेल गुंडाळून माझ्याजवळ आली. "खरंच, अक्का?" मी मान हलवली. तिची मैत्रीण काहीतरी पुटपुटली, तर सुमाच तिच्यावर उखडली, "ए, अक्का खोटं कशाला लिहील?"

आणि पुढचं तर याहून वाईट. माझं कौतुक झालं. सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही म्हणून. अप्पांनी वाकड्या झालेल्या तोंडाने मला शाबास म्हटलं. ते मी ऐकून घेतलं.

मी पुण्याला गेले. अप्पांचं सगळं सुमाने केलं. त्यातूनही ती आणखी दोन वर्षं पोहली. पण भिंत जवळ आली की बिचकायची, आपलेच हात तपासायची. तेवढ्यात शेजारची पुढे निघून जायची. तिची निवड कधीच झाली नाही. मग ती लहान मुलांना शिकवू लागली. घरात येता-जाता दाराच्या चौकटीला दोन्ही तळवे टेकवायची खोड तिला लागली ती कायमची. मुलं हसायची. मी हसत होते का? बहुधा हसत होते.

शेवटच्या आठवड्यात मी इस्पितळात तिच्यापाशी होते. एका दुपारी तिने पलंगाच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले. बोटं काटक्यांसारखी झाली होती.

"बघ गं अक्का, एकदम?"

"एकदम," मी म्हटलं.

ती जराशी हसली. "मग तेव्हाच कसं चुकलं गं?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. उत्तर मला माहीत होतं. मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.