शांतम्माच्या पत्र्यावरचा भोपळा

जळकोटच्या सलोमीबाईचा एक नियम होता. परसात जे पहिलं येईल ते देवाचं. पहिली मेथी, पहिलं अंडं, पहिली शेवग्याची शेंग, सगळं सुगीच्या सणाला चर्चमध्ये जायचं. तिथं त्याचा लिलाव व्हायचा, आणि आपल्या वस्तूवर बोली चढली की बाई पदर सावरून अशी बसायची, जसं काही सोनंच पिकवलंय.

यंदा वेलाला एकच भोपळा धरला. आता वेलाला कुठं कळतंय माणसांचं भांडण? तो गेला भिंतीवरून सरळ शांतम्माच्या गोठ्याच्या पत्र्यावर, आणि फळ धरलं ते तिथं.

शांतम्मा म्हणजे शेजारीण. वयानं मोठी, लिंगायत घरची, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारी. एकेकाळी दोघींचं असं मेतकूट होतं की एकीच्या चुलीवरचा चहा दुसरीच्या कपात. मग सलोमीबाईच्या कोंबड्यांनी शांतम्माची कोथिंबीर उकरली. शांतम्मा चार शब्द बोलली, सलोमीबाईनं चाळीस ऐकवले. वर, "तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवला तर नाव बदलीन," असं गल्लीदेखत म्हणून मोकळी झाली. तोंड बाईचं लई तिखट. दुसऱ्याच दिवशी पस्तावली, पण बोललेलं गिळायचं कसं? तेव्हापासून दोघी रस्त्यात समोर आल्या की एकीला आभाळ बघायचं असायचं, दुसरीला आपल्या चपला.

सणाच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, "दान आणा, पण कुणाशी वाकडं असेल तर आधी तिकडं जाऊन या. देवाला थांबायची सवय आहे." सलोमीबाईला वाटलं, ह्यांना भोपळ्याचं कुणी सांगितलं?

तरी मूळ स्वभाव जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर चढून ती आकडीनं भोपळा ओढायला गेली. देठ करकरला, स्टूल डगमगलं, आणि बाईला स्वतःचंच हसू आलं. देवाला द्यायचं फळ, आणि चोरून काढतीस व्हय गं? खाली उतरली, तोंड धुतलं, शांतम्माच्या दारात जाऊन उभी राहिली. हिनं हाकलून दिलं तर? भोपळा जाईल तो जाईल, पण शांतम्माही कायमची जाईल, आणि खरी भीती तीच होती.

"अक्का, माझं चुकलं," एवढंच तोंडातून निघालं. भोपळ्याचं राहूनच गेलं.

शांतम्मानं शिडी आणून गोठ्याला लावली. "चढ. माझे गुडघे गेले आता."

वर भोपळा पोत्यानं झाकलेला, आणि बुडाला चुंबळ, शांतम्माच्या जुन्या इरकली लुगड्याची. पत्र्याच्या चटक्यानं फळ नासू नये म्हणून. गुडघे गेलेली ही बाई शिडी चढली होती तर! सलोमीबाईला पत्र्यावरच रडू कोसळलं.

"रडतीस काय, पत्रा वाकंल," खालून शांतम्मा म्हणाली. "बा, कुंद्रू. चहा टाकलाय." म्हणजे ये, बस. आनंद झाला की तिला कानडीच सुचायची.

सणाला शांतम्मा कपाळाला विभूती लावून चर्चमध्ये पहिल्या रांगेत. लिलाव तिनं कधी पाहिला नव्हता. भोपळा पुढं येताच म्हणाली, "शंभर." कुणी तोंड उघडायच्या आत, "दीडशे." मग, "दोनशे."

"आजी, तुमच्यावर कुणी बोललंच नाही," पाळकसाहेब हसू दाबत म्हणाले. "तुम्ही स्वतःचीच बोली चढवताय."

"असू द्या. राखण म्या केली, मोल मला ठावं हाय. अडीचशे."

सगळ्या चर्चची हसून मुरकुंडी वळली. सलोमीबाई त्या दिवशी पदर सावरायचंही विसरली.

भोपळा त्याच चुंबळीवर शांतम्माच्या घरी गेला. संध्याकाळी भिंतीपलीकडून घारग्यांचा वास आला, पाठोपाठ हाक आली. ताट भिंतीवरून घेता आलं असतं, पण सलोमीबाई दारानं गेली.

शांतम्मा उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी. "पाय ठेवलास न्हवं? मग आता नाव काय ठेवायचं तुझं?"

"तुम्हीच ठेवा, अक्का."

"आधी खा," शांतम्मा म्हणाली आणि तिला हाताला धरून आत घेतलं.