गुरुजींनी दिलेली डिस्क

डिस्क तयार होत असताना गुरुजी घरातला पंखा बंद करत, पवनीचा मे महिना असला तरी. पंख्यामुळे व्होल्टेज उतरतं आणि संगणक मध्येच बंद पडतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पदराने वारा घेत म्हणायच्या, "डिस्क होईन तवा होईन, आमी अगुदर शिजून जाऊ." गुरुजी पडद्यावरच्या हिरव्या पट्टीवरून नजर न हलवता ओठांवर बोट ठेवत.

निवृत्तीनंतर मुलाच्या जुन्या संगणकावर ते हे स्वतःच शिकले. पार आसगावहून लोक लग्नाच्या कॅसेटी घेऊन येत. गुरुजी त्या संगणकावर उतरवून डिस्क करून देत आणि वर चहा पाजत. सॉफ्टवेअर फुकटचं आहे म्हणून कोणी नाक मुरडलं, तर चिडत. "फुकटचं हाय म्हून फालतू नाई. कोनीतरी लोकायसाठी बसून बनवलं हाय."

चौथीत मी त्यांच्या वर्गात होते. त्यांनी कधी छडी उचलली नाही. "चूक झाली तं उभं राहून सांगाचं. मी मारत नाई," एवढंच म्हणत. आम्ही उभे राहून सांगत असू.

आई गेल्यावर वर्षभराने मी ताईच्या लग्नाची कॅसेट त्यांच्याकडे नेली. हळदीला आई गायली होती, चारेक मिनिटं. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. कॅसेट संगणकावर पूर्ण उतरली आणि मागे गुंडाळताना फीत यंत्रात अडकून पार चुरगळली, तुटली. "राहू दे, काम झालं," गुरुजी म्हणाले आणि लग्न पडद्यावर लावलं. आईचा आवाज सुरू होताच मी उठून अंगणात गेले. मला ते ऐकवेना.

दोन दिवसांनी त्यांनी डिस्क कडेने धरून माझ्या हातात दिली. वर वळणदार अक्षरात आईचं नाव. "माह्या कॉम्प्युटरवर तपासली. चालते."

मी ती कपाटात ठेवली. सुरुवातीला भेटले की ते म्हणत, "एकडाव पाहून तं घे, बाई." पुढे त्यांचं बोलणं बदललं. मी विषय काढला की म्हणत, "राहू दे. कायले घाई करून राहिली? मायले पाहाले मन घट्ट लागते." माझं दुःख या एका माणसाला कळतं, असं मी सगळ्यांना सांगत असे. शेवटच्या आजारात भेटायला गेले, तेव्हा त्यांनी विचारलं, "पाह्यली का?" मी नाही म्हटलं. त्यांनी माझा हात दाबला आणि मान वळवली.

ते गेल्यानंतर, यंदा, माझं मन घट्ट झालं. भाच्याकडून डिस्क लावायचं यंत्र मागवलं. डिस्कवर एकच इवलीशी फाइल निघाली. भाचा म्हणाला, "मावशी, याच्यात व्हिडिओच नाई. व्हिडिओ कॉम्प्युटरवर कुठं ठेवला हाय, तेवढंच लिहून हाय." म्हणून ती गुरुजींच्या संगणकावर चालली होती. लग्न त्यांच्याच घरी राहिलं होतं आणि मी नऊ वर्षं त्याचा पत्ता जपत होते.

काकूंकडे गेले. संगणक केव्हाच भंगारात गेला होता. काकूंनी गुरुजींची वही समोर ठेवली. प्रत्येक डिस्कपुढे लिहिलं होतं, 'दिली, चालली.' माझ्या नावापुढे तेच वळणदार अक्षर: 'व्हायरसमुळे संगणक पूर्ण पुसून घेतला. नंतर आसगावची डिस्क रिकामी म्हणून परत आली. त्यांची कॅसेट आहे, पुन्हा करून दिली. बाईचीही डिस्क त्याच दिवशी केलेली. तिची कॅसेट तुटली, आता नाही. सांगायचे आहे.'

शेवटच्या दोन शब्दांखाली तीन रेघा होत्या, तिन्ही वेगवेगळ्या शाईच्या.

काकूंनी विचारलं, "काय लिवलं हाय वं?" मी म्हटलं, "काही नाही." वही मिटली आणि घरी आले.

मी रागावले असते, रडले असते, पण त्यांच्याकडे जाणं सोडलं नसतं. हे त्यांना कळायला हवं होतं. आजारी पडेपर्यंत ते रोज सकाळी वैनगंगेवर फिरायला जात. वाट आमच्या दारावरूनच होती.